गुण किती आणि गुण कोणते?

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या मांदियाळीने फुलून गेले आहे, आणि ज्यांना पंढरीस येणे घडले नाही त्यांच्या घरोघरी देव्हाऱ्यातल्या विठ्ठलमूर्तीस तुळशीची माळ चढली असेल. अशा दिवशी वाचकांच्या भेटीस यायचे तर भगवंताचे गुणगान करावे, हा कीर्तनकाराचा रिवाज. तो आम्ही मोडणार नाही. मात्र भगवंताच्या गुणांकडे वळण्यापूर्वी 'गुण' या शब्दापाशीच थोडे थांबावे असे आमच्या मनात आहे. कारण हा शब्द आपल्या घरांतून दिवसेंदिवस लहान होत चालला आहे, आणि त्याच्या लहान होण्याची किंमत आपली मुलेमुली मोजीत आहेत.

उन्हाळ्याच्या अखेरीस हा शब्द दोन प्रसंगी हटकून कानी पडतो. शाळा-महाविद्यालयांचे निकाल लागतात, आणि शेजारीपाजारी, आते-मामे, आळीतला वाणीसुद्धा मुलाला एकच विचारतो, "गुण किती पडले?" त्याच सुमारास लग्नसराई चालू असते. पत्रिकांची देवघेव होते, आणि यजमान ज्योतिषीबुवांकडून परत येऊन वहाणा काढतात न काढतात तोच माजघरातून प्रश्न येतो, "गुण किती जुळले?" दोन्ही प्रश्नांत 'किती' आहे आणि दोन्ही उत्तरे आकड्यात आहेत. एका आकड्यावर मुलाची लायकी ठरते, दुसऱ्यावर मुलीचे भवितव्य. निकालानंतर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधीकधी चार ओळींची एक बातमी येते. ती वाचवत नाही आणि वाचल्यावाचून राहवतही नाही. एका कोवळ्या जिवाने आकड्यापुढे हार पत्करलेली असते. म्हणून हा विषय केवळ शब्दचर्चेचा आहे असे कोणी समजू नये.

संस्कृत पाठशाळांतून शब्दार्थाचा विचार शिकवताना 'सैंधव' हा दाखला हमखास देतात. सैंधव म्हणजे सिंधुदेशीचे. त्याचा एक अर्थ मीठ, दुसरा घोडा. यजमान पानावर बसून "सैंधव आण" म्हणाला तर मीठ वाढावे. प्रवासाची बांधाबांध झाल्यावर म्हणाला तर घोडा आणून उभा करावा. जेवणाऱ्यापुढे घोडा नेणारा सेवक शब्द जाणतो, पण प्रकरण जाणत नाही. अनेकार्थी शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा हे त्याच्या सोबतीवरून, प्रसंगावरून आणि देशकालावरून ठरते, असे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त सांगितले आहे. 'गुण' शब्दाच्या बाबतीत आपण त्या सेवकासारखे वागत आहोत काय, हे पाहण्यासाठी या शब्दाची निरनिराळी घरे हिंडून येऊ.

गुण म्हणजे मुळात दोरा, सूत, दोरीचा पेड. ज्यात फुले ओवतात तोही गुण, आणि धनुष्याला चढवतात ती दोरीही गुण. अमरकोशात धनुष्याच्या दोरीच्या नावांत मौर्वी, ज्या, शिंजिनी यांच्या पंक्तीला 'गुण' बसलेला आहे. धनुष्याची ही दोरी पुढे ज्योतिर्गणितात शिरली. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, आणि कंसाची दोन टोके जोडणारी रेषा ही त्याची दोरी. म्हणून शाळेतली मुले आजही भूमितीत 'जीवा' आणि 'त्रिज्या' शिकतात. दोरी दोन पेडांची असली की द्विगुण, तीन पेडांची असली की त्रिगुण. त्यावरून पट सांगण्याची रीत पडली आणि गुणणे म्हणजे तितके पट करणे हा अर्थ रूढ झाला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) गुण्य, गुणक हे शब्द याच अर्थाने येतात. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, अशी नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. पाढे म्हणणारे मूल नकळत दोरीला पेड घालीत असते म्हणा ना. एकट्या पेडाला कोणी दोरी म्हणत नाही. पेडाला पेड मिळाला म्हणजे बळ येते. एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे कामास येईल.

आता व्याकरणाच्या घरी जाऊ. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्याच सूत्रात अ, ए आणि ओ या स्वरांना 'गुण' ही संज्ञा दिली. 'देव' आणि 'इंद्र' जवळ आले म्हणजे अ आणि इ आपापले रूप सोडतात व ए हा तिसराच स्वर उभा राहतो; शब्द होतो 'देवेंद्र'. 'महा' आणि 'उत्सव' मिळून 'महोत्सव', 'गण' आणि 'ईश' मिळून 'गणेश'. येथे गुणाचा चांगल्या-वाइटाशी संबंध नाही आणि मोजणीशीही नाही. दोघांनी आपापले थोडे सोडल्यावर जे निष्पन्न होते, त्याचे नाव गुण. लग्न जुळवणाऱ्यांनी गुणमेलनाच्या कोष्टकाबरोबर हा गुणसंधीही पाहावा, असे आम्ही कीर्तनात म्हणतो तेव्हा श्रोते हसतात. आम्ही मात्र ते थट्टेने म्हणत नाही.

वैद्याच्या घरी गुण वीस, आणि तेही जोड्यांनी नांदणारे: गुरु आणि लघु, शीत आणि उष्ण, स्निग्ध आणि रूक्ष, मृदु आणि कठिन, अशा दहा जोड्या. दूध शीत, सुंठ उष्ण. तूप स्निग्ध, मध रूक्ष. यांत श्रेष्ठ कोण, असे वैद्याला विचारले तर तो उलट विचारील, "कोणासाठी? कोणत्या ऋतूत?" एकाला जो गुण पथ्य तोच दुसऱ्याला अपथ्य. आपल्या मराठीने वैद्यकाचे हे मर्म नेमके पकडले आहे. आपण म्हणतो, "औषधाला गुण आला." रोग्याला उतार पडला तरच औषधाला गुण आला म्हणायचे, बाटलीवर काय छापले आहे त्यावरून नव्हे.

साहित्यशास्त्रात भरताने काव्याचे दहा गुण सांगितले. वामनाने शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा असे वीस केले, आणि मम्मटाने ते सारे माधुर्य, ओज व प्रसाद या तिघांत सामावून घेतले. शिवाय शौर्य जसे देहाचे नसून आत्म्याचे, तसे हे गुण शब्दांचे नसून रसाचे, असा निर्वाळाही मम्मटाने दिला. राजनीतीत तर संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय आणि द्वैधीभाव या सहा धोरणांना कौटिल्य 'षाड्गुण्य' म्हणतो. तेथे शत्रूवर चालून जाणे हाही गुण आणि गप्प बसणे हाही गुणच.

यापुढचे घर न्याय-वैशेषिकांचे. वाचकांनी येथे अंमळ सावकाश यावे, कारण आमच्या विषयाचे मर्म या घरात आहे. द्रव्याच्या आश्रयाने जे राहते ते गुण. कणादांनी सतरा गुण नावानिशी मोजले, प्रशस्तपादांनी त्यांत सात मिळवून ते २४ केले. रूप, रस, गंध, स्पर्श हे त्यांत आहेत. बुद्धी, सुख, प्रयत्न, स्नेह, संस्कार हे आहेत. आणि दुःख, द्वेष व अधर्म हेही आहेत. म्हणजे गुण म्हटले की ते चांगलेच असले पाहिजे असे नाही. या २४ जणांच्या पंक्तीत आणखी एक गुण बसलेला आहे. त्याचे नाव 'संख्या'. आमच्या पूर्वाचार्यांच्या लेखी आकडा हा २४ गुणांपैकी एक गुण आहे, आणि आपण मात्र त्या एकालाच पाटावर बसवून उरलेल्या २३ जणांना ओसरीवर ताटकळत ठेवले आहे.

सांख्यांच्या घरी सत्त्व, रज आणि तम असे तीनच गुण; ते एकमेकांच्या उलट स्वभावाचे, तरी एकत्र नांदणारे. ईश्वरकृष्णाने त्यांना दिव्याची उपमा दिली आहे. तेल ज्योतीला विझवू शकते, ज्योत वातीला जाळते, तरी तिघे मिळून उजेड पाडतात. भगवद्गीतेचा चौदावा अध्याय याच तिघांचा. तेथे भगवंतांनी तम निद्रा-आळसाने बांधतो आणि रज कर्माच्या आसक्तीने बांधतो असे सांगून, सत्त्वसुद्धा सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधते, असे स्पष्ट बजावले आहे. गुणाचा मूळ अर्थ दोरी, तो येथे पुन्हा भेटतो. दोरी सुताची असो की रेशमाची, पायात पडली म्हणजे बंधनच. पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही जेव्हा रात्री झोप लागत नाही, तेव्हा आम्हांला हा रेशमी दोर आठवतो.

इतकी घरे हिंडून आल्यावर एक गोष्ट दिसते. प्रत्येक शास्त्राने 'गुण' हा शब्द घेतला, पण आपल्या अंगणापुरता. वैद्याने आपला स्निग्ध गुण काव्याला लावला नाही, वैयाकरणाने आपला गुण राजाला शिकवला नाही. एका प्रांताचे लक्षण दुसऱ्या प्रांतात घुसवणे यास नैयायिक अतिव्याप्तीचा दोष म्हणतात. हाच दोष आज आपल्या घरात दोन ठिकाणी घडत आहे.

पहिला परीक्षेचा. अमुक दिवशी, तीन तासांत, ठराविक प्रश्नांना मुलाने जे लिहिले त्याची मोजदाद म्हणजे परीक्षेतले गुण. पुढच्या वर्गात कोणी बसावे, कोणास कोठे प्रवेश द्यावा, यासाठी अशी मोजदाद लागते; ती प्रामाणिकपणे व्हावी आणि मुलाने तीसाठी मन लावून अभ्यास करावा, याबद्दल आमचे दुमत नाही. पण आजीचे पाय रोज न सांगता चेपणारा नातू, सापडलेले पाकीट मालकाच्या घरी नेऊन देणारा मुलगा, एकदा ऐकलेली चाल पेटीवर बिनचूक वाजवणारी मुलगी, यांच्यासाठी त्या पत्रिकेत रकाना नाही. नसेना का, ती पत्रिका त्यासाठी छापलेलीच नाही. दोष पत्रिकेचा नव्हे. ती हातात आल्यावर रकाना नसलेले गुण घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दिसेनासे होतात, तो दोष आपला. परीक्षकाने उत्तरपत्रिकेला आकडा देणे यास आपण 'गुणदान' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण त्यात फसगतही आहे. परीक्षक आकडा देतो. गुण त्याने दिलेला नसतो आणि त्याला काढूनही घेता येत नाही.

दुसरा दोष गुणमेलनाचा. ज्योतिषाचे थोडेफार अध्ययन आम्हीही केले आहे, आणि पत्रिका पाहूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ३६ गुण म्हणजे काय, हे निदान पाहणाऱ्याने जाणावे. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८, मिळून ३६. ही आठही कूटे वधूवरांचे जन्मनक्षत्र आणि चंद्रराशी यांवरून काढतात. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस राहतो. म्हणजे त्या दिवशी त्या नक्षत्राच्या त्याच चरणावर देशभरात जितक्या मुली जन्मल्या, त्या साऱ्यांचे एका मुलाशी गुण सारखेच जुळणार. सुगरण असो वा आळशी, शांत असो वा तापट. या कोष्टकाने मुलीचे शिक्षण, आईबापांनी केलेले संस्कार यांबद्दल काही सांगितल्याचा दावा शास्त्राने केलेला नाही. असे असताना साडेसतरा गुण आले, अठरा भरले नाहीत, म्हणून चांगल्या घरची, चांगल्या मनाची मुलगी नाकारल्याचे आम्ही पाहिले आहे. आता तर हा आकडा भ्रमणध्वनीवर क्षणात निघतो, आणि मुलीचे तोंड पाहण्याआधीच नकार कळवला जातो. पंचांगातला गुण स्वभावातल्या गुणाच्या जागी बसवणे, हे जेवणाऱ्यापुढे घोडा उभा करणे नव्हे काय?

याच्या जोडीला आपल्या बोलीतला एक शब्द आहे, 'पायगुण'. घरात नवी सून आली, त्या वर्षी दुकान चालले तर पायगुण चांगला. सासरे आजारी पडले तर पायगुण वाईट. सासऱ्यांचे वय, त्यांचे पथ्यपाणी, जुनी दुखणी यांचा हिशेब कोणी करीत नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी उंबरठा ओलांडलेल्या पोरीच्या पायांवर सारे येऊन पडते. आम्ही जी शास्त्रे वाचली त्यांतील एकाही गुणगणनेत हा गुण आम्हांला आढळला नाही. ज्या घरी लक्ष्मीची पावले उंबऱ्यावर काढतात, त्या घरी जित्याजागत्या लक्ष्मीच्या पावलांना बोल लावू नये, एवढे आमचे सांगणे आहे.

कोणी म्हणेल, बुवा, मोजायचेच नाही तर निवड कशी करायची? प्रश्न रास्त आहे. परीक्षा आमच्या संतांनाही चुकली नाही. गोरोबाकाकांची कथा सर्वश्रुत आहे. तेरेस गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने तेथले थापटणे पाहून विचारले, हे कशाला? मडके कच्चे की पक्के ते पाहायला, असे काका म्हणाले. मग या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे मुक्ताबाईने सुचवले, आणि गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. सारे निवांत बसले; नामदेवांना मात्र राग आला. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे.

आज या कथेचा पुढचा भाग सांगण्याची अधिक गरज आहे. नामदेव नापास झाले, आणि ते कोठे? ज्या विठ्ठलाशी ते बोलत, खेळत, त्याच्या आवडत्या भक्तांच्या भर सभेत. पण त्या सभेने त्यांना घालवून दिले नाही. कच्चे म्हणजे फुटके नव्हे, एवढे कुंभाराला कळत होते. कच्च्याला आव्यात आणखी आच हवी, इतकाच त्या निकालाचा अर्थ. परंपरा सांगते, की विठ्ठलाच्याच आज्ञेवरून नामदेव औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे त्यांना गुरू भेटला. पुढे हेच नामदेव भक्तीची पताका घेऊन पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पंढरीच्या महाद्वारात आजही त्यांच्या नावाची पायरी आहे आणि तिला वंदन केल्यावाचून वारकरी आत जात नाही. गोरोबांचा निकाल खरा होता, तरी तो शेवटचा नव्हता. मुलाच्या हाती कमी गुणांची पत्रिका आली म्हणजे आईबापांनी गोरोबांसारखे खरे बोलावे, आणि विठ्ठलासारखी पुढची वाटही दाखवावी. खरे बोलायचे आणि वाट दाखवायची नाही, ही परीक्षा नव्हे, शिक्षा झाली.

आता ठरल्याप्रमाणे भगवंताच्या गुणांकडे येऊ. यश, श्री, औदार्य, ज्ञान, वैराग्य आणि ऐश्वर्य हे सहा गुण ज्याच्या ठायी पूर्णत्वाने नांदतात तो भगवंत, असे आपण ऐकत आलो. तोच परमात्मा निर्गुणही आहे. येथेही अर्थाची गल्लत होऊ नये; निर्गुण म्हणजे गुणहीन नव्हे, तर सत्त्व, रज, तम या तिन्ही दोऱ्यांनी जो बांधला जात नाही तो. असा न बांधला जाणारा परमात्मा भक्ताच्या प्रेमासाठी सगुण झाला आणि कटीवर कर ठेवून विटेवर उभा राहिला. आज त्याच्यापुढून लाखो माणसे जातील. त्यांत पदवीधर असतील, अक्षरओळख नसलेले असतील, कोणाची कूटे जुळली असतील, कोणाची नसतील. विठ्ठल कोणाचाही आकडा विचारीत नाही. त्या रांगेतला प्रत्येक जण एक पेड आहे, आणि सारे पेड मिळून जी दोरी होते तिलाच आपण वारी म्हणतो.

मुलाच्या पत्रिकेवरचा आकडा खुशाल पाहावा, कुंडलीतली कूटेही ज्याला पाहायची त्याने पाहावीत. मात्र आज फराळाला सारे घर एकत्र बसेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी घरातल्या प्रत्येक लेकराचा, सुनेचा, लेकीचा एकेक गुण मोठ्याने नाव घेऊन सांगावा. तोही आकड्यावाचून सांगावा. ज्याचे त्याच्या कानी पडावे. काही लेकरांनी तो आजवर कधीच ऐकला नसेल. 'गुण किती' या प्रश्नाआधी 'गुण कोणते' हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जावो, एवढे मागणे पांडुरंगाच्या चरणी मागून आम्ही ही वाक्सेवा पुरी करतो.